सुभाषबाबूंचे राहून गेलेले प्रकरण

तेवीस जानेवारीला आमच्या शाळेत मुलांची भाषणे होतात. मी मागच्या बाकावर बसून ती ऐकतो. सुभाषबाबू 1897 साली कटकला जन्मले, आय. सी. एस. झाले, 1921 साली त्यांनी त्या नोकरीवर लाथ मारली, इथपर्यंत सगळे यथासांग चालते. मग वक्ता एक लांब उडी मारतो आणि थेट 1941 सालच्या त्या जानेवारीतल्या रात्री उतरतो. पठाणी वेष, काबूल, बर्लिन, आझाद हिंद सेना आणि टाळ्या! मधली वीस वर्षे कुठे गेली, हे कुणी विचारत नाही.

मुलांना दोष कसा द्यावा? खुद्द नायकानेच तिथे लेखणी खाली ठेवली आहे. 1937 च्या डिसेंबरात ऑस्ट्रियातल्या बाडगास्टाइन गावी ते आत्मचरित्र लिहायला बसले. दहा प्रकरणे झाली आणि कथा 1921 पाशी थांबली ती थांबलीच. कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला अशा राहून गेलेल्या प्रकरणाची हुरहूर लागते. माणसाचा स्वभाव रणांगणावर दिसतो असे म्हणतात; मला तो घरखर्चाच्या वहीत अधिक दिसतो. सुभाषबाबूंची ती वही कलकत्त्याच्या नगरपालिकेत आहे.

सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी मंत्री असताना केलेल्या 1923 च्या कायद्याने कलकत्त्याचा कारभार लोकनियुक्त सभासदांच्या हाती आला. 1924 साली देशबंधू दास पहिले महापौर झाले आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या खुर्चीवर त्यांनी सत्तावीस वर्षांच्या सुभाषबाबूंना बसवले. या तरुणाने पगार घेतला तो ठरल्याच्या निम्मा, दरमहा दीड हजार रुपये. 1935 साली लंडनला निघालेल्या आणि सरकारने हिंदुस्थानात बंदी घातलेल्या ‘दि इंडियन स्ट्रगल’ या ग्रंथात त्यांनी त्या दिवसांचा हिशेब दिला आहे. नोकरांना खादीचे गणवेष, मुलामुलींसाठी मोफत प्राथमिक शाळा, दवाखाने, तान्ह्या बाळांसाठी दूध, रस्त्यांना देशी थोरांची नावे. एरवी तो ग्रंथ पक्षांच्या आणि ठरावांच्या धामधुमीने भरलेला आहे. ही पाने वाचताना मात्र एखादा कर्ता मुलगा घरात काय काय आणले ते सांगत बसला आहे, असे मला वाटते.

हे सुख सहा महिनेच टिकले. 25 ऑक्टोबर 1924 रोजी सरकारने त्यांना विनाचौकशी पकडले. काही आठवडे तर नगरपालिकेचे कागद अलीपूरच्या तुरुंगात त्यांच्याकडे जात होते! पुढे मंडाले. आपल्या लोकमान्यांनी जिथे सहा वर्षे काढली त्याच तुरुंगातून त्यांनी 1925 साली न. चिं. केळकरांना टिळकांविषयी पत्र लिहिले. महाराष्ट्राशी जडलेला तो धागा 1928 साली पुण्याच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्षपद घेईपर्यंत पक्का झाला होता.

1930 साली ते स्वतः महापौर झाले. निवड झाली तेव्हा ते तुरुंगात होते. आणि ही निवड काही एकमुखी नव्हती. सेनगुप्तांचा गट आणि सुभाषबाबूंचा गट यांची रस्सीखेच त्या खुर्चीभोवतीच चालली होती. 26 जानेवारी 1931 रोजी मिरवणुकीच्या अग्रभागी चालणाऱ्या या महापौरावर घोडेस्वार पोलिसांच्या लाठ्या पडल्या आणि पुन्हा तुरुंगाचे दार उघडले.

पण त्याच महापौराच्या पहिल्या भाषणात एक वाक्य आहे, ते चरित्रकार हळूच ओलांडून जातात. समाजवादाची न्यायबुद्धी आणि समता, तिला फॅसिझमच्या कार्यक्षमतेची आणि शिस्तीची जोड, असा मेळ आपल्या कार्यक्रमात आहे, असे त्यांनी म्हटले. 1938 साली लंडनच्या एका मुलाखतीत, आपली अशा अर्थाची शब्दयोजना कदाचित बरोबर नसावी, असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. ही कबुली मोठ्या मनाची आहे. तरी ती ओढ पुरती सुटली नाही, असे माझे मत आहे. त्याच साली काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांनी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, तीत मला नगरपालिकेतला हिशेबी माणूस दिसतो. आणि 1943 साली सिंगापुरात आझाद हिंद सरकार स्थापन झाले, तेव्हा राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान, युद्धमंत्री आणि परराष्ट्रमंत्री एकच होते. तिथे मला ते वाक्य पुन्हा ऐकू येते.

नगरपालिकेत हुकूम सोडून भागत नाही. नळाला पाणी आले नाही तर सकाळी बाई दारात उभी राहते, आणि विरुद्ध बाकावरचा सभासद हिशेब मागतो. हा त्रास शिस्तीच्या भक्ताला फार काही शिकवतो. सुभाषबाबूंना तो त्रास पाच वर्षे सलग मिळायला हवा होता. तो त्यांनी टाळला नाही, परक्या सरकारने हिरावून घेतला. त्यांच्या देशभक्तीला याने तिळमात्र उणेपणा येत नाही. आपल्या भक्तीला मात्र येतो, कारण आपण फक्त गणवेषातले सुभाषबाबू पूजतो.

येत्या जानेवारीत मी एका मुलाला निराळा विषय देणार आहे : ‘सुभाषबाबू आणि तान्ह्या बाळांचे दूध’. टाळ्या कमी पडतील. पडू देत.