खेळ नेमका कुठे घडतो? फोन, ब्राउझर आणि दूरचा सर्व्हर

मागच्या व्याख्यानात आपण छायाचित्र आणि त्यातली वस्तू यांच्या नात्याबद्दल बोलत होतो. आज तोच धागा पकडून जरा वेगळ्या मुलखात जायचं आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये क्लाउडवरचे गेम खेळले जातात, त्याबद्दल बोलू. विषय जाहीर झाल्यावर आमच्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी भुवया उंचावल्या म्हणे. उंचावू देत. कृती म्हणजे काय, ती कुणाची, ती घडते कुठे, हे प्रश्न आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवले. आता ते लोकांच्या खिशात येऊन बसले आहेत, एवढंच.

आधी ही गोष्ट चालते कशी ते पाहू, कारण यंत्र समजून न घेता त्याची मीमांसा करणाऱ्यांचा आम्हाला कंटाळा आहे. एरवी गेम म्हणजे एक प्रोग्रॅम. तो फोनवर उतरवून घ्यायचा, फोनचा प्रोसेसर तो चालवतो, चित्रं तिथेच तयार होतात. क्लाउडच्या पद्धतीत यातलं काहीच फोनवर होत नाही. गेम चालतो दूरच्या एका सर्व्हरवर. तिथे तयार झालेलं चित्र व्हिडिओसारखं दाबून, बारीक करून आपल्याकडे पाठवलं जातं. आपण बोट लावलं, बटण दाबलं की तेवढी खबर उलट सर्व्हरकडे जाते. व्हिडिओ कॉलसाठी ब्राउझरमध्ये जी सोय केलेली असते, बहुधा तीच इथेही वापरतात. म्हणजे तुम्ही गेमशी व्हिडिओ कॉलवर बोलत असता असं म्हणा ना. फक्त पलीकडचा माणूस तुमच्या अंगठ्याचं ऐकतो.

आता हे ब्राउझरमधूनच का? यामागे एक भांडण आहे, आणि ते मोठं बोधप्रद आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये ॲपलने मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड गेमिंग सेवेला आयफोनच्या ॲप स्टोअरमध्ये जागा नाकारली. म्हणणं असं की, प्रत्येक गेम आम्ही तपासल्याशिवाय आत येऊ देणार नाही. एका ॲपच्या पोटात शेकडो न तपासलेले गेम, हे चालायचं नाही. मायक्रोसॉफ्टची तक्रार अशी की, चित्रपटांच्या ॲपमधला प्रत्येक चित्रपट तुम्ही कुठे तपासता? मग गेमलाच वेगळा न्याय का? सप्टेंबरात ॲपलने नियम बदलला. सेवा चालेल, पण तिच्यातला प्रत्येक गेम स्वतंत्र ॲप म्हणून सादर करा. आणि त्याच नियमात सुचवलं की, हे जमत नसेल तर उघडं इंटरनेट आणि ब्राउझर आहेतच.

सगळे निघाले मग ब्राउझरच्या रस्त्याने. ॲमेझॉनची लुना, एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ, गूगलची स्टेडिया, या २०२० संपायच्या आत आयफोनच्या सफारीत दिसू लागल्या. मायक्रोसॉफ्टची सेवा २०२१ मध्ये आली. फोर्टनाइट हा गेम तर पैसे घेण्याच्या वादावरून २०२० च्या ऑगस्टात ॲप स्टोअरमधून काढला गेला होता. तो २०२२ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या सेवेतून, ब्राउझरमध्ये, फुकट, आयफोनवर परत आला. पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा मागच्या दाराने येऊन चहा पीत बसला. (हशा) २०२४ च्या जानेवारीत ॲपलने पुढचं दारही उघडलं. पण तोवर लोकांच्या पायाखाली मागची वाट रुळली होती, आणि ती पुढेही चालू राहिली.

या इतिहासावर लिहिणारे बहुतेक जण एका उत्साहात लिहितात. ब्राउझर म्हणजे स्वातंत्र्य, ब्राउझर म्हणजे सर्वांचा रस्ता, कुणाच्या परवानगीची गरज नाही. आमचा आक्षेप या उत्साहावर आहे. एक तर हा रस्ता तितका मोकळा नाही. युरोपीय संघात २०२४ पासून कायद्याने फरक पडला तो सोडला, तर आयफोनवरचा कुठलाही ब्राउझर, नाव काहीही असो, आतून ॲपलच्याच इंजिनावर चालत आला आहे. त्यात कंट्रोलर कितपत चालेल, व्हिडिओ कितपत चालेल, हे ॲपलच ठरवणार. दाराचे सुतार तेच, फक्त पाटी वेगळी. पण हा आक्षेप वरवरचा झाला. खरा प्रश्न असा की, सगळं भांडण दाराबद्दल झालं, आणि दारातून आत काय आलं हे कुणी विचारलं नाही. आलं ते चित्र. गेम आलाच नाही.

हे नीट समजून घ्यायला आपल्या जुन्या विचाराची मदत होते. पाणिनीच्या व्याकरणात क्रियेशी संबंध असलेल्या गोष्टींची वाटणी आहे. कर्ता तो, जो क्रियेत स्वतंत्र आहे. करण ते, जे क्रिया साधण्यात सर्वांत उपकारक आहे. कुऱ्हाडीने लाकूड तोडतो, त्यातली कुऱ्हाड करण. गेम फोनवर उतरवून खेळतो तेव्हा फोन हे करण असतं. क्लाउडवरचा गेम खेळताना फोन काय असतो? आमच्या मते तो आता करण उरत नाही, खिडकी होतो. करण कुठेतरी शेकडो किलोमीटरवर, एका थंड खोलीत, कपाटांच्या रांगेत आहे. यात आपोआप काही वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. पण कुऱ्हाड दुसऱ्याच्या घरी असेल, तर ती उगारली आणि लागली यांच्यामध्ये काहीतरी येऊन बसतं. ते म्हणजे वेळ.

वेळेचा हिशेब करून पाहा. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास. जायला वीस मिलिसेकंद, यायला वीस. केबल सरळ रेषेत नसते, म्हणजे त्याहून जास्तच. त्यात चित्र दाबणं, उलगडणं, वायफायची वाट, फोनच्या पडद्याची वाट. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सतरा मिलिसेकंदांपेक्षाही कमी टिकतं. म्हणजे नुसत्या समुद्रापलीकडच्या ये-जा करण्यात दोनाहून जास्त चित्रं निघून गेली. कुठल्याही कंपनीला प्रकाशाशी करार करता येत नाही. सर्व्हर जवळ आणणं एवढाच उपाय.

आता कुणी म्हणेल, चाळीस मिलिसेकंद म्हणजे काय, डोळ्याचं पातंसुद्धा लवत नाही. इथे आम्हाला अल्बेर मिशोत या बेल्जियन मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग आठवतात. त्याचं पुस्तक १९४६ चं. एक चौकोन सरकत येतो, दुसऱ्याला टेकतो, दुसरा लगेच सरकू लागतो. पाहणाऱ्याला ढकललं गेल्याचं ‘दिसतं’. तो अनुमान करत नाही, थेट पाहतो. पण टेकणं आणि सरकणं यांच्यात सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं अंतर घातलं, की ढकलणं नाहीसं होतं. पहिला थांबला, मग दुसरा निघाला. दोन स्वतंत्र घटना उरतात. ह्यूमने कार्यकारणाच्या मुळाशी जे सान्निध्य मानलं होतं, ते इथे घड्याळ लावून मोजता येतं.

आणि हे दुसऱ्याच्या चौकोनाबद्दल झालं. स्वतःच्या हाताबद्दल माणूस याहून कितीतरी हळवा असतो. तबलजीला विचारा. आपल्या बोटाचा आवाज आपल्याच कानात जरा उशिरा आला, तर कायदा सोडा, साधा ठेका विस्कटतो. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या गावोगावच्या गायकांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र गाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सगळ्यांना हे कळलं. एकाने गायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, इतकंच त्यात जमतं. साथ जमत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं: क्लाउडवरच्या गेमची समीक्षा करताना चित्र किती सुंदर हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न, यात माझी कृती माझी राहते का? उडी मी मारली असं वाटतं, की मी अर्ज केला आणि उडी मंजूर झाली असं वाटतं? (हशा) हसू नका, हा फरक सौंदर्याचाच आहे. गेम या कलाप्रकाराचं सगळं वैशिष्ट्य तिथे आहे. चित्रपटात नायक पडतो. गेममध्ये मी पडतो. हा ‘मी’ उशिरामुळे झिजतो, आणि उरतो तो एक लांबलचक, थोडासा आज्ञाधारक चित्रपट.

पण सगळे गेम सारखे नाहीत. फोर्टनाइटसारख्या गेममध्ये समोरच्याच्या आधी गोळी मारायची असते, भिंत उभारायची असते. तिथे विलंब म्हणजे सरळ हार. याउलट मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर पाहा. ही मालिका १९८२ पासूनची; तिची नवी आवृत्ती २०२० मध्ये आली आणि २०२२ च्या मार्चपासून क्लाउडवरून फोनमध्येही उडवता येऊ लागली. विमान हे मुळातच सावकाश ऐकणारं वाहन आहे. दांडा ओढला की नाक हळूहळू वर येतं. यंत्रणेतला उशीर विमानाच्या जडत्वात मुरून जातो, वेगळा जाणवत नाही. शिवाय या गेमची पृथ्वी कुणाच्याच घरात मावत नाही. तिचा नकाशा दोन पेटाबाइटहून मोठा, म्हणजे वीस लाख जीबींच्या वर. घरच्या महागड्या संगणकावर खेळणाऱ्यालासुद्धा डोंगर-नद्या सर्व्हरवरूनच घ्याव्या लागतात. म्हणजे दूर असणं या कृतीच्या स्वभावातच आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये ती जवळजवळ आपल्या घरी आल्यासारखी वाटते, ती म्हणून.

अर्थात कॉकपिटमधले आकडे खोलीभर अंतरावरच्या मोठ्या पडद्यासाठी कोरलेले, आणि आपला पडदा तळहाताएवढा. सत्तरी ओलांडलेल्या वैमानिकाने उंचीमापकाकडे न पाहता देवावर भरवसा ठेवावा. टीव्हीसाठी रचलेली गोष्ट फोनवर आणताना अक्षरं मोठी करणं ही सौजन्याची किमान पायरी आहे, आणि अनेक गेम ती ओलांडत नाहीत.

पैशाचंही एक वाक्य बोलून टाकू. दर सेकंदाला दहा मेगाबिट धरले तर तासाला साडेचार जीबी डेटा लागतो. आपल्याकडे ज्यांचा पॅक दिवसाला दीड जीबीचा आहे, त्यांचा दिवस वीस मिनिटांत मावळतो. महागडं यंत्र नसलेल्यांसाठी हा लोकशाही मार्ग आहे असं सांगितलं जातं, त्यात तथ्य आहे; पण ज्याच्या घरी वायफाय आहे त्याची लोकशाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला रात्री जागवणारा हाच. स्टेडिया ही सेवा २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली आणि २०२३ च्या १८ जानेवारीला बंद झाली. गूगलने विकत घेतलेल्या गेमचे पैसे परत केले, हे मान्य करायला हवं. पण काही गेम फक्त तिथेच होते. आउटकास्टर्स नावाचा एक, पिक्सेलजंक रेडर्स नावाचा दुसरा. सेवा बंद झाली त्या दिवशी तेही गेले. पैसे परत मिळाले, कलाकृती परत मिळाली नाही.

नाटकाचा प्रयोगही संपल्यावर उरत नाही, असं यावर म्हणता येईल. पण प्रयोग संपतो तेव्हा संहिता उरते, नाट्यपदं उरतात, ज्यांनी पाहिलं त्यांच्या अंगात ते नाटक उरतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगमंचावर आलं. आज हौशी मंडळीही ते उभं करू शकतात, कारण संहिता कुणा एकाच्या कपाटात कुलूपबंद नाही. जुनी व्हिडिओ गेमची काडतुसंसुद्धा लोकांनी माळ्यावरून काढून पुन्हा चालवली. ब्राउझरमधल्या गेमची संहिता आपल्या हातात कधी आलेलीच नसते. जे कधी हातात नव्हतं, ते जपणार कसं? टीकाकाराला कलाकृतीकडे परत जाता आलं पाहिजे. आपलं मत चुकीचं ठरवण्याची संधी त्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, आणि तसं झालं की समीक्षा म्हणजे नुसत्या आठवणी.

बंद होण्यापूर्वी स्टेडियाच्या लोकांनी एक गेम सर्वांसाठी ठेवला. सेवा सुरू होण्याच्याही आधीपासून ते स्वतः ज्यावर यंत्रणेची चाचणी घेत, तो सापासारख्या अळीचा साधा गेम. तो काही दिवस चालला आणि सेवेबरोबर गेला. त्यांच्या कंट्रोलरला मात्र त्यांनी ब्लूटूथ उघडून दिलं, म्हणजे तो दुसरीकडे वापरता येईल. खेळ गेला, बटणं उरली.

एक चिठ्ठी आली आहे. ‘सर, एवढं सगळं ऐकल्यावर आम्ही खेळायचं की नाही?’ खेळा की. आम्ही विमान उडवतोच. घरच्या वायफायवर, राउटरजवळ बसून, कंट्रोलर जोडून. पडद्यावर बोट ठेवलं की निम्मं आकाश अंगठ्याखाली जातं. मात्र एखादा गेम मनापासून आवडला, आणि तो उतरवून घेता येत असेल, तर उतरवून ठेवा. पुढची चिठ्ठी घेऊ.