संगणकीय खेळ आणि निर्णयशक्ती

अनिश्चित परिस्थितीत मन आपल्याच पूर्वग्रहास पोषक पुरावा वेचते. खेळाने हा दोष निवारता येईल काय, याचा शोध मोरवेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घेतला. त्यांच्या ‘मिसिंग’ या संगणकीय खेळात खेळाडू हरवलेल्या व्यक्तीचा माग काढतो व त्याच्या निर्णयांतील दोष टप्प्याटप्प्याने त्यास दाखविले जातात. परिणाम दोन महिन्यांनंतरही टिकून होता.

तथापि कसोटी प्रश्नावलीची होती. परीक्षा आहे हे ठाऊक असता माणूस सावध राहतोच. हे न्यून सेलिये व सहकाऱ्यांच्या 2019 मधील अभ्यासाने बव्हंशी भरून काढले. व्यवस्थापनशास्त्राच्या 290 विद्यार्थ्यांस खेळाशी संबंध न दर्शविता मोटारशर्यतीचे एक प्रकरण देण्यात आले. आधी खेळलेल्यांत चुकीचा पर्याय निवडण्याचा संभव 29 टक्क्यांनी कमी आढळला.

परंतु अशा प्रकरणाचे योग्य उत्तर शिक्षकास ठाऊक असते. व्यवहारात तसे नसते. तेथे उत्तम निर्णयाचेही फळ वाईट येऊ शकते आणि चूक दाखविणारा कोणी नसतो. सबब खेळाने काही दोष आवरता येतात, एवढेच या अभ्यासांवरून म्हणता येईल. संभवनीयतेचे यथार्थ मोजमाप करण्याची शक्ती त्याने येते, असे मात्र नव्हे.