पाण्याने घडविलेल्या वास्तू

बीड जिल्ह्यास समुद्र नाही. किनाऱ्यावरील वास्तूंचे वर्णन करणारा लेखक जंजिऱ्याभोवतीच्या लाटांपासून आरंभ करतो. बीडविषयी लिहिणारा मात्र बहुधा बांधणाऱ्याचे नाव, सन आणि लांबी-रुंदी देऊन थांबतो. ही नोंद झाली, रसग्रहण नव्हे. आमच्या मते या जिल्ह्याच्या वास्तूही पाण्यानेच घडविल्या आहेत. भेद इतकाच, की तेथे पाण्याचे वैपुल्य आहे आणि येथे वाण.

बीड शहरातील कंकालेश्वराचे मंदिर पाहावे. कुंडात उभारलेल्या या तारकाकृती देवळाच्या भिंतींना अनेक कोन आहेत. सूर्य सरकतो तशी त्यांवरील छायाप्रकाशाची रेषा बदलते, आणि भोवतालचे पाणी तीच रेषा उलटी करून दाखविते. आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास बांधलेल्या धारूरच्या किल्ल्याचे बळ जितके तटबुरुजांत, तितकेच आतील तळ्यांत आहे. वेढ्यात अडकलेल्या शिबंदीला शत्रूच्या आधी तहान जिंकते. एके ठिकाणी पाणी ही शोभा आहे, दुसऱ्या ठिकाणी संरक्षण.

परंतु या सर्वांत आम्हांस श्रेष्ठ वाटते ती खजाना बावडी. बीडच्या दक्षिणेस, सोलापूरच्या वाटेवर, मुर्तझा निजामशहाच्या काळात जहागीरदार सलाबतखान याने १५८२ च्या सुमारास ती बांधविली. राजा भास्कर हा तिचा रचनाकार होता, असे सांगतात. वरून पाहणाऱ्यास ती केवळ एक गोल, ऐसपैस विहीर वाटते, कारण तिचे खरे रूप जमिनीखाली आहे. भुयारी मार्गांनी पाणी तिच्यात येते आणि तसेच भुयारातून पुढे शेतांकडे जाते. जमिनीच्या उतारापेक्षा भुयाराचा उतार किंचित कमी ठेवला, की भूगर्भातील पाणी मोटेवाचून, बैलांवाचून आपोआप उघड्यावर येते. भुयारावर ठेवलेल्या उच्छ्वासांतून हवा खेळते आणि गाळही काढता येतो. इराणातील ही विद्या बहामनी काळात बीदरला रुजली. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, तिच्याच आधारे नहर आणला. येथे शोभा आणि उपयोग वेगळे काढता येत नाहीत.

या बावडीवरील लेखनाविषयी मात्र आमची तक्रार आहे. 'अद्भुत', 'कधीही न आटणारी' या विशेषणांपलीकडे ते क्वचितच जाते. लोकांच्या आश्चर्यानेच बावडीचे नाव जिवंत ठेवले, हे आम्ही मान्य करतो. पण लेखकाने तेथेच थांबणे योग्य नव्हे. मानवी बुद्धीच्या कामाला चमत्कार म्हटले, की त्याची निगा राखण्याचे कर्तव्य कोणावरच उरत नाही. हिज्कीया राजाने जेरुसलेममध्ये पाटाने पाणी आणले, ती गोष्ट पवित्र शास्त्राने चमत्कारांत घातली नाही. राजाच्या कामगिरीत तिची नोंद केली. हा विवेक आमच्या लेखकांनी शिकण्याजोगा आहे.

कारण अशी रचना नाजूक असते. उच्छ्वास बुजले, भुयारात गाळ साचला किंवा वरच्या अंगास विंधनविहिरी खोल जाऊन भूजल खाली गेले, की दगडी बांधकाम शाबूत राहूनही वास्तू मरते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्याची आठवण असणाऱ्या प्रदेशात हा केवळ पुरातत्त्वाचा विषय राहत नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येक तरुण आपल्या गावच्या जुन्या वास्तूंविषयी लिहितात, हे स्तुत्य आहे. त्यांनी सन आणि बांधणाऱ्याचे नाव अवश्य द्यावे. त्यापुढे आणखी दोन प्रश्न विचारावेत: ही वास्तू काम कशी करते, आणि तिचा गाळ आज कोण काढतो?