'अग्गंबाई'चा उत्तरार्ध

विनोदी प्रेमकथेची नायिका म्हणून घरांत सून आलेली विधवा यावी, ही गोष्ट लहान नव्हे. १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला, १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाईंशीं विवाह केला. परंतु तो सारा वाद मुख्यत्वें कोवळ्या वयाच्या विधवेसाठीं चालला. कर्त्या मुलाच्या आईचा विचार त्यांत फारसा कोणीं केला नाहीं. झी मराठीवरील 'अग्गंबाई सासूबाई' (२०१९) या मालिकेनें तो केला, आणि सासूच्या लग्नासाठीं पदर खोचून सूनच उभी केली, याबद्दल तिच्या कर्त्यांचें आम्ही मनापासून अभिनंदन करतों. निवेदिता सराफ यांची आसावरी सासरे व मुलगा यांच्या तैनातींत दबून वागते. गिरीश ओक यांचा अभिजीत राजे हा बल्लवाचार्य. जिनें जन्मभर दुसऱ्यांचीं पानें वाढलीं तिला कोणी आग्रहानें वाढावें, एवढ्या साध्या योजनेनें हें प्रेम आपणांस पटतें. पांझरेच्या कांठीं आमच्या देवपुरांतहि आसावरी पुष्कळ आढळतील. शुभ्रेसारख्या सुना मात्र थोड्या.

आमचा आक्षेप आहे तो उत्तरार्धास. 'अग्गंबाई सूनबाई' (२०२१) मध्यें आसावरी उद्योग सांभाळते, आणि एके काळीं घरांतील प्रत्येकास खडसावणारी शुभ्रा संसारांत बुजून गेलेली दिसते. नटी बदलली हें सोडून देऊं. पण स्वभावच बदलला, आणि तो कसा बदलला हें प्रेक्षकानें पदरचें घालून समजून घ्यावयाचें! दासीपण गेलें नाहीं, सासूकडून सुनेकडे आलें.

याचें बीज पूर्वार्धांतच आहे, असें आम्हांस वाटतें. तेथें प्रेमास जागा मिळाली, शोकास मिळाली नाहीं. हेलन फील्डिंग यांच्या कादंबरीवरून निघालेला 'ब्रिजेट जोन्स: मॅड अबाउट द बॉय' (२०२५) हा इंग्रजी चित्रपटहि एका विनोदी प्रेमकथेचा उत्तरार्धच. त्यांतील विधवा ब्रिजेट नव्या प्रेमांत पडते, हास्यास्पद होते. तरी गेलेला मार्क तिच्या डोळ्यांसमोर अधूनमधून उभा राहतो, आणि मुलाचें बापावांचूनचें दुःखहि कथा विसरत नाहीं. आपल्या सोहमचा आईच्या लग्नास विरोध आहे. परंतु तो लाडावलेल्या मुलाचा हट्ट म्हणूनच रंगविला आहे. या मुलाचाहि बाप गेला आहे, ही गोष्ट लेखकांनीं मनावर घेतली असती, तर उत्तरार्धांत त्याला परस्त्रीच्या नादीं लावण्यावांचून दुसरें कांहीं काम सुचलें असतें.