आठवणीतला थॉमसन रोड आणि खरा थॉमसन रोड

सिंगापूरमध्ये दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास एक ठरलेलं वाक्य कानावर येतं. मरीना बेच्या रस्त्यांवर कठडे उभे राहू लागतात, ऑफिसात कुणाला कंपनीतर्फे फुकट तिकीट मिळालं आणि कुणाला नाही याची कुजबुज सुरू होते, आणि सत्तरी ओलांडलेले कुणी ना कुणी अंकल म्हणतात, "ही कसली रेस! रेस होती ती थॉमसन रोडची." मी हे टॅक्सीत ऐकलंय, कोपीटियाममध्ये ऐकलंय, आमच्या ब्लॉकच्या लिफ्टपाशीही ऐकलंय. मंडळी, आपल्याला हा सूर अजिबात परका नाही. मंडळाच्या प्रत्येक गणेशोत्सवात "आमच्या वेळचा गणपती" असतोच. म्हणूनच या थॉमसन रोडच्या हळहळीची जरा चिकित्सा करावीशी वाटली. मी त्या शर्यतींच्या काळात जन्मलोही नव्हतो, त्यामुळे हळवं व्हायचा मला हक्क नाही. पण वाऱ्याच्या प्रवाहाच्या गणितावर पीएच.डी. करून पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला निदान आकडे तपासायचा हक्क असावा.

आधी माहिती. १९६१ साली पर्यटक यावेत म्हणून 'ओरिएंट इयर' नावाची मोहीम निघाली आणि तिच्यात ही पहिली शर्यत झाली. अप्पर थॉमसन रोड आणि ओल्ड अप्पर थॉमसन रोड हे नेहमीच्या रहदारीचे रस्ते बंद करून सुमारे ४.८ किलोमीटरचा फेरा आखला होता. 'थॉमसन माइल' हा सरळ पट्टा, गाडी जमीन सोडेल असा 'हंप', मग जंगलातली नागमोडी वळणं, त्यांचं नाव 'स्नेक्स', आणि पुढे 'डेव्हिल्स बेंड'. पहिल्या वर्षी इयन बार्नवेल अॅस्टन मार्टिन घेऊन जिंकले. १९६२ पासून तिला 'मलेशियन ग्रां प्री' म्हणत. स्वातंत्र्यानंतर १९६६ पासून ती 'सिंगापूर ग्रां प्री' झाली. १९७३ नंतर सरकारनं ती बंद केली, आणि २००८ मध्ये फॉर्म्युला वनच्या रूपानं, मरीना बेच्या झगमगाटात, रात्री ती परत आली.

आता अंकल मंडळींचं म्हणणं. ते तीन गोष्टी सांगतात: आपल्यातलीच माणसं गाड्या चालवायची, वेग अंगावर यायचा, आणि चालवणाऱ्याच्या हातात कसब होतं, आजच्यासारखं यंत्राच्या भरवशावर नव्हतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गोम अशी, की त्या एकाच वेळी खऱ्या नव्हत्या.

विजेत्यांची यादी नुसती वर्षवार वाचा. १९६२ ला योंग नाम की, तेही जग्वार ई-टाइपमध्ये, म्हणजे पैसेवाला माणूस रस्त्यावर फिरवेल अशा गाडीत. १९६३ आणि १९६५ ला हाँगकाँगचे आल्बर्ट पून. (१९६४ ची शर्यत पावसानं अर्ध्यावर सोडावी लागली, इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच.) १९६६ ला ली हान सेंग, १९६७ ला रॉडनी स्यो. इथपर्यंत सगळे घरचे, नाहीतर शेजारचे. आणि १९६८ पासून? गॅरी कूपर, ऑस्ट्रेलिया. मग सलग तीन वर्षं ग्रेम लॉरेन्स, न्यूझीलंड. १९७२ ला मॅक्स स्ट्यूअर्ट आणि १९७३ ला व्हर्न शुप्पन, दोघेही ऑस्ट्रेलियन. शेवटच्या सहा वर्षांत या भागातला एकही माणूस पहिला आला नाही. १९७० ला लॉरेन्सनं जी फेरारी पळवली, ती त्याआधीच्या वर्षी ख्रिस एमननं टास्मन मालिका जिंकलेली गाडी होती. तिच्यापुढे सिंगापूरच्या गॅरेजात रात्री जागून तयार केलेल्या गाडीचं काय चालणार?

म्हणजे थॉमसन रोड एक नव्हता, दोन होते. एक १९६७ पर्यंतचा, आपल्या माणसांचा. दुसरा १९६८ नंतरचा, खास शर्यतीसाठी बांधलेल्या एकआसनी गाड्यांचा, भयंकर वेगाचा. आठवण पहिल्यातून माणसं घेते, दुसऱ्यातून वेग घेते आणि दोन्ही एका फ्रेममध्ये बसवते. तशी शर्यत कुणीच पाहिलेली नाही.

दोन्ही काळ एका क्षणी भेटतात तो १९६८ चा. कूपर हा अॅडलेडचा माणूस. 'एल्फिन' नावाचा छोटा कारखाना चालवायचा. स्वतः आखलेली नवी कोरी गाडी घेऊन तो इथे आला, स्वतः चालवली आणि जिंकून गेला. हळहळायचं असेल तर मी यासाठी हळहळेन. आज मरीना बेवर धावणाऱ्या गाडीमागे शेकडो इंजिनिअर असतात (माझ्यासारखा त्यांतल्या एखाद्या बोल्टचं गणित करत बसला असता), आणि आखणारा, बांधणारा व चालवणारा एकच असणं ही कल्पनासुद्धा करता येत नाही.

कसबाच्या मुद्द्यावर मात्र अंकलांशी थोडं भांडायला हवं. त्यांचा राग पंखांवर असतो. गाडीचा पंख म्हणजे विमानाचा पंख उलटा बसवलेला. विमानाला वर उचलतो तोच वारा इथे गाडीला जमिनीवर दाबतो. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो, त्यामुळे वळणावर टायर घट्ट धरून राहतात. मात्र पुढच्या गाडीच्या पंखानं घुसळलेली हवा मागच्या गाडीला मिळते, तिचा दाब घटतो आणि जवळ जाऊन मागे टाकणं अवघड होतं. ही तक्रार रास्त आहे. २०२२ चे नियम मुख्यतः याच दुखण्यासाठी लिहिले गेले. तरी २०२४ ला इथे लँडो नॉरिसनं पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत आघाडी सोडली नाही आणि जवळजवळ एकवीस सेकंदांनी जिंकला. दोन तास दिव्यांची माळ बघावी तसं ते बघितलं. तेव्हा "मजा गेली" म्हणणाऱ्याला मी खोटं पाडणार नाही.

पण पंख नसतानाचा काळ स्वर्ग होता हे खरं नाही. ही हळहळ फक्त इथलीच नव्हे. अमेरिकेत आयोवाच्या नॉक्सव्हिल गावात १९६१ पासूनच, म्हणजे थॉमसन रोडच्याच वर्षापासून, स्प्रिंट कारची मोठी वार्षिक शर्यत भरते. मातीचा लंबगोल ट्रॅक, सहाशे-साडेसहाशे किलोंची गाडी, आणि हल्ली डोक्यावर पाच फूट बाय पाच फुटांचा पंख. लांबून बघितलं तर कुणी बाज उलटी बांधून पळतंय असं वाटावं. तिथलेही जुने लोक म्हणतात, पंखाआधी गाडी आडवी घसरवत नेणं ही कला होती. असेल. पण तोच पंख गाडी उलटली की आधी स्वतः चेंबतो आणि आतल्या माणसाला बसणारा मार थोडा झेलतो. हे वाक्य हळहळीत कधी येत नाही. आणि पंख हे जादूचं कवचही नव्हे: १९६९ ला बार्सिलोनात ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटस गाड्यांचे उंच पंख धावता धावता मोडले. दोघंही वाचले, आणि पुढच्याच शर्यतीत, मोनाकोला, तसे उंच पंख बंद झाले.

आता ज्या मुद्द्यावर अंकल गप्प होतात तो. थॉमसन रोडवर १९६१ ते १९७३ या काळात सात जीव गेले. कडेला झाडं होती, खांब होते, बस स्टॉप होते, खोल गटारं होती आणि त्यांच्यालगत बघणारे होते. १९७२ ला लायनेल चान सरावात झालेल्या अपघातानं गेला. १९७३ ला स्वित्झर्लंडचा जो ह्यूबर खांबावर आदळून गेला. सलग दोन वर्षं. त्यानंतर सरकारनं शर्यत थांबवली, तर आजही त्याला "सरकारचा रुक्षपणा" म्हणणारे भेटतात. मी आजवर ज्यांच्याकडून थॉमसन रोडच्या गोष्टी ऐकल्या, त्यांतल्या एकानंही ह्यूबरचं नाव घेतलेलं नाही. हंपवर गाडी किती उंच उडायची हे मात्र हातानं दाखवतात.

उलट मरीना बेवर २००८ पासून फॉर्म्युला वनचा एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. २०१२ ला आपला नारायण कार्तिकेयन भिंतीवर गेला आणि उतरून चालत निघाला. घरी टीव्हीपुढे बसलेल्या कुणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. खांब असता तर?

गावाकडची बैलगाडा शर्यत आठवून ज्यांचा गळा दाटून येतो, त्यांनाही हाच प्रश्न आहे. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली, २०२१ ला महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली, २०२३ ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. घाटातली धूळ, भंडारा, हलगी सगळं आपल्याला आठवतं. पिरगाळलेली शेपटी आठवत नाही. त्या अटी नेमक्या त्या न आठवणाऱ्या गोष्टीसाठीच आहेत. आणि अटी पाळूनही गावाला मजा येतेच की.

गंमत म्हणजे पुढची हळहळ तयार होऊ लागली आहे. आपल्या मंडळातले पस्तिशी-चाळिशीचे तरुण हल्ली म्हणतात, "आता काय राहिलंय? २००८ ची पहिली नाइट रेस बघायला हवी होती, काय थरार!" थरार होता खरा. नेल्सन पिके ज्युनिअरची रेनॉ भिंतीवर आदळली, सेफ्टी कार आली, आणि त्याचाच जोडीदार फर्नांडो अलोन्सो मागून येऊन जिंकला. २००९ मध्ये उघड झालं की ती धडक संघाच्या सांगण्यावरून मुद्दाम दिलेली होती.