खजाना कशाचा? बीडच्या बावडीच्या नावाविषयी

बीड शहरापासून दक्षिणेला सुमारे ६ किलोमीटरवर, सोलापूरच्या रस्त्याला, खजाना बावडी आहे. मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८२च्या सुमारास, अहमदनगर दरबारातल्या सलाबतखानाने ती बांधवली आणि राजा भास्कर या स्थापत्यकाराने तिची आखणी केली, अशी परंपरा आहे. बावडीच्या बांधणीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. नावाचा प्रश्न मात्र बहुतेक लेखक एका वाक्यात उरकतात, आणि ते वाक्य मला पटत नाही.

हे वाक्य दोन प्रकारे लिहिले जाते. पहिला प्रकार असा, की बांधकामावर सरकारी खजिना खर्ची पडला म्हणून नाव खजाना. दुसरा असा, की अवर्षणाच्या मुलखात पाणी हेच धन, म्हणून खजाना. पहिले स्पष्टीकरण नावावरून मागाहून रचलेल्या गोष्टीसारखे वाटते. सरकारी पैसा किल्ल्यांवर, मशिदींवर, महालांवरही खर्च झाला. त्यांतल्या कशाला हे नाव चिकटले नाही. दुसरे ऐकायला गोड आहे, पण टंचाई सोसलेल्या आपल्या पिढ्यांची भावना त्यात जास्त दिसते. शिवाय दोन्ही स्पष्टीकरणांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: खजाना म्हणजे मुळात पैशांचा, आणि पाण्याला तो शब्द लावायचा तर किस्सा तरी हवा किंवा अलंकार तरी.

हे गृहीतच तपासायला हवे. शब्द मूळचा अरबी. त्याच्या धातूचा अर्थ ‘साठवणे’. काय साठवायचे याचे बंधन त्यात नाही. त्याच धातूपासून ‘मखजन’ म्हणजे कोठार हा शब्द झाला आणि तो युरोपात जाऊन ‘मॅगझिन’ झाला. दारूगोळ्याच्या कोठारालाही मॅगझिन आणि नियतकालिकालाही मॅगझिन. आजच्या अरबीत पाण्याच्या टाकीला आणि धरणाच्या जलाशयाला ‘खज्जान’ म्हणतात. आस्वानचे १९०२ साली पुरे झालेले जुने धरण तिकडे ‘खज्जान आस्वान’ म्हणून ओळखले जाते. इराणमधल्या जुन्या हमामांत गरम पाण्याच्या हौदाला ‘खजीना’ असे नाव आहे. म्हणजे पाण्याच्या साठ्याला हा शब्द लावणे हा त्या भाषांतला साधा, कामाचा वापर आहे. मराठीत येताना ‘खजिना’ मात्र पैशांच्या पेटीशी आणि खजिनदाराच्या वहीशी बांधला गेला. आपण बावडीचे नाव वाचतो ते या आक्रसलेल्या अर्थाने. आणखी एक बारीक गोष्ट. लेखी मराठीत ‘खजिना’ रूढ असूनही या विहिरीचे ‘खजाना बावडी’ हे नाव टिकून आहे. ‘खजाना’ हा उच्चार आणि ‘बावडी’ हा शब्द, दोन्ही दखनी बोलीच्या वळणाचे आहेत.

केवळ शब्दावर विसंबून चालणार नाही, हे मला मान्य आहे. बीड हे नाव अरबी ‘बिअर’ म्हणजे विहीर यावरून आले असे म्हणणारे आहेत, आणि बालाघाटाच्या पायथ्याशी बिळासारख्या जागी वसले म्हणून बीड, असे म्हणणारेही आहेत. नुसते ध्वनिसाम्य दोघांनाही सारखाच आधार देते. म्हणून वस्तूकडेच पाहू.

बावडी गोल आहे, आत कमानींची ओवरी आहे. पण तिचे मर्म जमिनीखाली आहे. दोन भुयारी पाट तिच्यात पाणी आणतात, आणि तिसरा ते बाहेर नेऊन बलगुजारच्या शेतीला देतो. पाण्याच्या या वाटेवर मोट नाही, रहाट नाही; उताराच्या बळावर पाणी आपले आपण जाते. या पाटांवर हवेसाठी आणि सफाईसाठी जी उभी तोंडे ठेवलेली असतात, त्यांना उसासे म्हणतात. पाणी एकत्र करून वाटून देणारी ही मधली जागा आहे. तिला साठ्याचे नाव द्यायला सोन्याची कथा लागत नाही.

याच जातीचे दुसरे नाव बऱ्हाणपुरात सापडते. अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, १६१५च्या सुमारास, तिथे भुयारी पाण्याची योजना झाली. तिच्या भागांची नावे कुंडी भंडारा, मूल भंडारा, सुखा भंडारा अशी आहेत. भंडारा म्हणजे भांडार; खजान्याचाच देशी पर्याय. तिथेही लोकांनी ‘कुंडी’चे ‘खूनी’ केले. अहमदनगरजवळच्या डोंगरावर मुर्तजा निजामशहाच्या दरबारातील सलाबतखानाची कबर आहे. तिला आजही सर्रास चांदबीबीचा महाल म्हणतात. वास्तूचे काम विसरले, की नाव गोष्टीच्या स्वाधीन होते.

माझे म्हणणे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच मांडतो. पण शब्दाचा मूळ वापर, वास्तूचे काम आणि शेजारच्या प्रांतातले समांतर नाव, ही तिन्ही एकाच दिशेला जातात. धनाच्या कथेला यांपैकी एकाचाही आधार नाही.

हा वाद केवळ व्युत्पत्तीचा नाही. खजाना म्हणजे ठेवा असे मानले, की जतन करायची ती गोल विहीर, तिच्या कमानी आणि त्यांची छायाचित्रे. पाटावरून नांगर गेला, उसासा दगडमातीने बुजला, तरी ठेवा जागेवरच आहे असे वाटत राहते. खजाना म्हणजे आवकजावक असलेला साठा असे मानले, तर दोन आवक पाट, एक जावक पाट, सगळे उसासे आणि बलगुजारची शिवारे, एवढे सगळे मिळून ती वास्तू होते. पाट बुजले तर उरेल ती नुसती बावडी. खजाना हे नाव तिला शोभणार नाही. तिथला माहितीफलक पुढेमागे नव्याने लिहायची वेळ आली, तर पहिली ओळ सलाबतखानाच्या खर्चाची नको. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, तिथून सुरुवात व्हावी.