वीणा वाजवणारा राजा आणि उतरलेला कस

गुप्तांचा काळ म्हणजे भारताचे सुवर्णयुग, हे वाक्य आम्ही शाळेत घोकले आणि पुढे मुलांकडूनही घोकून घेतले. आता निवांतपणे त्या राजांच्या सोन्याच्या नाण्यांचा अभ्यास करताना वाटते, की त्या वाक्याची थोडी उलटतपासणी व्हायला हवी होती.

यासाठी साहित्य भरपूर आहे. १९४६ साली भरतपूरजवळ बयाना येथे गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातील १८२१ नाण्यांची सूची एका मराठी विद्वानाने, डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी केली.

आरंभीची गुप्त नाणी कलेच्या दृष्टीने आम्हांला बेताचीच वाटतात. लांब अंगरखा घालून वेदीपाशी ताठ उभा असलेला राजा ही कुषाणांची उसनवारी आहे. परंतु त्याच समुद्रगुप्ताचे दुसरे एक नाणे पाहा. राजा मंचकावर उघड्या अंगाने बसला आहे आणि मांडीवर वीणा आहे. जवळ धनुष्य नाही, परशू नाही. याच राजाने जिंकलेल्या राजांची लांबलचक यादी प्रयागच्या स्तंभावर कोरलेली आहे. तिथे हरिषेण कवी त्याच्या गायनवादनाचीही स्तुती करतो. नाण्यावरची वीणा हीदेखील बढाईच, हे आम्ही मान्य करतो. तरी आपण गुणी आहोत अशी बढाई मारावीशी वाटणे, हे आपण बलवान आहोत असे सांगण्यापेक्षा बरे.

पुढे दुसरा चंद्रगुप्त सिंहाशी झुंजतो, तर त्याचा मुलगा कुमारगुप्त मोराला चारा देतो. या मोराच्या नाण्यातला हळुवारपणा आम्हांला सिंहाच्या नाण्यापेक्षा अधिक भावतो.

मात्र चित्र पाहून भुलणाऱ्याने नाणे कसोटीवरही घासावे. कुमारगुप्तानंतर आलेल्या स्कंदगुप्ताने हूणांना परतवले. त्याच्या काळात नाण्याचे वजन सुमारे ९.२ ग्रॅमपर्यंत वाढले, पण सोन्याचा कस उतरला. नाणे जड झाले आणि सोने हिणकस झाले. म्हणून त्याला लबाड म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. ज्याने राज्य वाचवले, त्याच्याच नाण्यात युद्धाचा खर्च दिसतो. प्रशस्तीत विजय तेवढा लिहिला जातो. त्याची किंमत नाण्याने सांगितली.

या नाण्यांना त्या काळी दीनार म्हणत. हा शब्द रोमन देनारिउसवरून आला, आणि आपल्या मिश्नेतला दिनार तोच. सांचीच्या एका लेखात, दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या वेळी, भिक्षुसंघाला २५ दीनार दिल्याची नोंद आहे. त्यातून भिक्षूंना भोजन मिळावे आणि दिवा तेवत राहावा, असा दात्याचा हेतू होता. सिनेगॉगमधल्या नेर तामीदसाठी तेल देणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा हेतू समजावून सांगावा लागला नसता.

पण बाजारात काय चाले? त्याच काळात आलेला चिनी यात्रेकरू फाहियान लिहितो, की मध्यदेशात लोक खरेदीविक्रीला कवड्या वापरत. म्हणजे वीणा वाजवणारा राजा भाजी विकणारीच्या हाती क्वचितच पडला असेल. राजाची छबी असलेले सोने दरबारी, व्यापारी आणि देणगीदारांमध्ये फिरत होते.

तेव्हा सुवर्णयुग हा शब्द आम्ही टाकून देत नाही. ज्या कारागिरांनी बोटाच्या पेराएवढ्या जागेत वीणा आणि मोर उठवले, त्यांच्यासाठी तो योग्यच आहे. त्यांची नावे मात्र कोणत्याही नाण्यावर नाहीत. नातवंडांना हा धडा सांगताना राजाचे नाव जरूर सांगा. सोबत कवडीची आणि उतरलेल्या कसाची गोष्टही सांगा. आम्ही वर्गात ती सांगायची राहून गेलो.